तीन नंबरवरचा बेवारशी सांधा

१

सकाळची गर्दी ऐन भरात असताना तीन नंबर फलाटावर वरून हातभर लोखंड खाली आलं, त्याला चिकटलेल्या काँक्रीटच्या ढेपेसकट. खाली बाक होता. बाकावर एक आजोबा बसले होते, मुलीला घ्यायला आलेले. गाडी फलाटात शिरतच होती. मुलगी उतरली तेव्हा लोक कोंडाळं करून उभे होते, आणि तिनेही चारचौघांसारखं टाचा उंचावून आत डोकावलं, काय झालंय म्हणून.

दुपारपर्यंत गुन्हेगार सापडलासुद्धा. गुन्हेगार इतक्या चटकन सापडला की समजावं, शोधायला कुणी गेलंच नव्हतं. पायाशी जे होतं तेच उचललं. पायाशी होती सफाईची मुकादमीण.

तिच्यावर आळ असा. गेले कित्येक दिवस त्या बाकासमोर एक पाटी उभी होती, ‘रंग ओला आहे, बसू नये’. त्यामुळे तिथे कुणी बसत नव्हतं. अपघाताच्या सकाळी पाटी जागेवर नव्हती. ती सापडली मुकादमिणीच्या खोलीत, झाडू-बादल्यांच्या मागे. म्हणजे पाटी हिनेच काढली, हिच्या हलगर्जीपणाने माणूस गेला. तिला कामावरून दूर केलं होतं, आणि चौकशीचा कागद झाला की पोलीस तिला नेणार होते. घरात म्हातारा सासरा, कॉलेजातली मुलगी आणि कमावते हात हिचे दोनच.

चौकशीला मुख्य कचेरीतून माई आल्या. माईंचं खरं नाव कागदावर असेल तेवढंच. तिकीट खिडकीपासून वर चढत आलेल्या, केस पांढरे, जीभ काळी. त्यांच्यासमोर खोटं बोलणाऱ्याला त्या अडवत नसत. सासू जशी सुनेला माहेरचं कौतुक करू देते तसं करू देत, आणि मग एकच प्रश्न विचारत.

त्या आधी तीन नंबरवर गेल्या. दोरी बांधून जागा अडवली होती. माईंनी रुमालाने बाक पुसला, नखाने खरवडला, रुमाल उलटून बघितला. मग शेजारचा खांब, मागची भिंत, जिन्याचा कठडा.

सोबत स्टेशनमास्तर होते, गोल पोटाचे, बोलताना टोपी फिरवणारे. “काय शोधताय माई?”

“रंग,” माई म्हणाल्या. “मास्तर, इतके दिवस ओला राहिलेला रंग कुठे लावलाय तो दाखवा. इथे तर वर्षानुवर्षं कुणी ब्रशसुद्धा फिरवलेला नाही.”

मास्तरांची टोपी फिरायची थांबली.

२

“म्हणजे रंगासाठी पाटी नव्हतीच,” माई म्हणाल्या. “इथे कुणी बसू नये असं कुणाला तरी वाटत होतं. ज्याला तसं वाटत होतं त्याला माहीत होतं की वरचं पडणार. पाटी कुणी काढली ते नंतर बघू. आधी सांगा, ठेवली कुणी?”

मास्तर म्हणाले, त्यांना ठाऊक नाही. एक दिवस दिसली, मग रोजच दिसायला लागली. फलाटावरच्या पाटीला कोण विचारतो, बाई तू कुणाची म्हणून!

“आणि वरचं ते कुणाचं?”

मास्तरांनी हात वर करून दाखवलं. पादचारी पुलाचा जिना फलाटावर उतरत होता. उतरता उतरता तो छपरातून आरपार जात होता, आणि छपरातून जाताना छपराच्याच एका जुन्या खांबावर त्याने कोपर टेकलं होतं. जिना आणि खांब यांना धरणारा तो लोखंडी सांधा. आता तिथे खोबण होती नुसती.

“पूल पूलखात्याचा. छप्पर छपरखात्याचं,” मास्तर म्हणाले. “सांधा म्हणाल तर... दोन्ही खाती म्हणतात दुसऱ्याचा.”

“आणि तुम्ही काय म्हणता?”

“मी गाड्या बघतो, माई.”

“तीन सुना असलेल्या घरात दूध उतू जातं ते असंच. प्रत्येकीला वाटतं, दुसरी चुलीशी आहे. पण मास्तर, वास तर सगळ्यांना येतो ना? मग एकानेही कळवलं कसं नाही?”

मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज उतरवला. “आमच्याकडे एक रीत आहे. लिहिलेली नाही कुठे, पण सगळे पाळतात. जो कळवील, त्याचं.”

“म्हणजे?”

“आमचा दिवेवाला फोरमन बघा. साधा माणूस. एकदा बोलून गेला, दोन नंबरवरचं पन्हळ गळतंय. झालं! तुम्ही बघितलंत ना, मग तुम्हीच बघा. तेव्हापासून पन्हळी त्याच्याकडे. दिव्यांचा माणूस, पण पावसाळा जवळ आला की शिडीवर चढून पाला उपसतो. उपसला नाही तर मेमोही त्यालाच. त्याचं ते बघून सगळ्यांच्या जिभा टाळूला चिकटल्या.”

माई वर बघत राहिल्या. त्या सांध्याखालून रोज किती माणसं जात असतील, आणि वर बघणारे किती जण मान खाली घालून गेले असतील!

“मास्तर, पाटीबद्दल शेवटचं कधी बोललात, आणि कुणाशी?”

मास्तर घाम पुसायला लागले. “आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पाहणीला येणार होते. मी पूलसाहेबांना आणि छपराच्या मॅडमना एकत्रच विचारलं, ही पाटी कुणाची? साहेबांनी विचारलं तर काय सांगू? दोघंही म्हणाले, आमची नाही. संध्याकाळी बघतो तर पाटी गायब.”

“म्हणजे तुम्ही विचारलंत, आणि कुणीतरी उत्तर दिलं,” माई म्हणाल्या.

३

मुकादमीण आपल्या खोलीच्या दाराशी उकिडवी बसली होती. माईंना बघून उठली नाही.

“चौकशीवाल्या बाई ना तुम्ही? लिहा काय लिहायचं ते. पाटी माझी, खोली माझी, गुन्हा माझा. छप्पर तेवढं माझं नाही, तेही घाला माझ्या पदरात. पदर फाटला तर फाटला.”

“पदर सांभाळ आधी,” माई तिच्याशेजारी पायरीवर बसल्या. “पाटी तू काढलीस?”

“मी ठेवली असती तर काढली असती. माझ्या पाट्या ओल्या फरशीच्या. ती रंगाची पाटी पेंटर लोकांची, कधीची माझ्या खोलीत धूळ खात पडलेली. एक दिवस दिसेनाशी झाली, फलाटावर बघितली, म्हटलं लागली असेल कुणाला. आणि परत आली ती कशी? पुसून, तोंड भिंतीकडे करून, बादल्यांच्या मागे सरळ उभी! माझ्या बायका पाटी अशी ठेवतील? त्या भिरकावतात. मेल्यांना किती वेळा सांगितलं.”

“खोलीला कुलूप?”

“आहे की. किल्ली मास्तरांच्या खोलीत खिळ्याला. हवी त्याने घ्यावी.”

“तुझ्याकडे अजून काही आहे का? त्या सकाळचं?”

मुकादमिणीने त्यांच्याकडे रोखून बघितलं. मग आत गेली आणि एक डबा घेऊन आली. “पोलिसांनी लोखंड नेलं, दगडं नेली. म्हणाले, बाकीचं झाड. मी झाडलं. काच मात्र मी केरात टाकत नाही, केर उचलणाऱ्या पोरींचे हात कापतात. काच वेगळी ठेवते. ही होती त्या ढिगात. कुणी मागितली नाही, मी दाखवली नाही.”

डब्यातून तिने एक काचेची पट्टी काढली. बोटभर रुंद, वीतभर लांब. मधोमध तडकलेली, तरी दोन्ही भाग सुटले नव्हते. काचेच्या पोटात बारीक तारेची जाळी होती, तिने ते धरून ठेवले होते. दोन्ही टोकांना पांढरं प्लॅस्टर वाळून घट्ट झालेलं. अर्ध्या पट्टीवर धुळीचा थर, अर्ध्या पट्टीवर कबुतराची शीट.

माई हात पुढे करणार, तोच मुकादमीण म्हणाली, “थांबा, अशी घाण हातात कशी देऊ?” आणि माईंनी तोंड उघडायच्या आत नळाखाली धरून, चोळून, पदराला पुसून पट्टी चकाचक करून त्यांच्या हातात ठेवली.

माईंनी कपाळाला हात लावला. “अगं बाई, तू पुरावा धुतलास!”

“घाण धुतली. पुरावा निघाला असेल तर तो घाणच होता.”

माईंना हसू आलं ते त्यांनी दाबलं. पट्टी उजेडात धरली. सगळी काच लखलखीत झाली होती, पण मधली तड काळी ती काळीच. चोळून निघाली नव्हती. तडीच्या आतपर्यंत धूळ मुरली होती.

ताज्या तडीत धूळ नसते. ही काच त्या सकाळी तडकलेली नव्हती. आधीच तडकून कुठेतरी वर बसली होती.

“ही काच धुवायच्या आधी कुणी बघितली?”

“मी. आणि आता तुम्ही.”

“नक्की?”

“पोलीस गेले, मी झाडलं, डब्यात ठेवली, डबा माझ्या पेटीत, पेटीची किल्ली माझ्या कमरेला. बाई, मी गरीब असेन, बावळट नाही.”

४

गेलेल्या आजोबांची मुलगी विश्रामगृहात बसून होती. घरी जायला तयार नव्हती. माईंनी तिला काही विचारायच्या आधी तीच म्हणाली, “लोक म्हणतात बाबांनी पाटी बघितली नसेल. बाबा पाटी बघणार नाहीत? भिंतीवरचं ‘थुंकू नये’सुद्धा ते मोठ्याने वाचायचे. आम्हाला लाज वाटायची. ओला रंग म्हटला की बोट लावून बघणार आणि मग आईचं बोलणं खाणार.”

“म्हणजे पाटी नव्हतीच.”

“नव्हती. ते बसले कारण बसायला जागा होती.” जरा थांबून तिने विचारलं, “ती झाडणारी बाई तुरुंगात गेली म्हणजे झालं का हो? मला बरं वाटेल असं सगळ्यांना वाटतंय. मला काहीच वाटत नाही.”

माईंनी तिच्या हातावर हात ठेवला आणि उठल्या. अशा प्रश्नाचं उत्तर देणारी माणसं माईंनी बघितली होती, आणि त्यातलं एकही शहाणं निघालं नव्हतं.

मग त्यांनी पूलसाहेबांना बोलावलं. कडक इस्त्री, बारीक मिशी, खिशाला दोन पेनं. खुर्चीत असे बसले की खुर्चीने आभार मानावेत.

“माझा जिना शाबूत आहे,” ते म्हणाले. “सांधा आमच्या नकाशात नाही. मी त्याबद्दल काय सांगणार? मी तो कधी बघितलेलासुद्धा नाही.”

माईंनी वाद घातला नाही. पदराआडून काच काढून टेबलावर ठेवली, लखलखीत. “हे काय असेल हो? मला मेलीला यातलं काय कळतं.”

शहाण्या माणसाला अडाण्यासमोर गप्प बसवत नाही. पूलसाहेब पुढे झुकले.

“जाळीची काच. छपरात उजेडासाठी बसवतात ती. छपरखात्याच्या गोदामात असते. ही पट्टी कापलीये बघा. आमच्या पूलखात्यातली जुनी पद्धत आहे. भेग पडली की तिच्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवायची, दोन्ही टोकांना प्लॅस्टर. भेग झोपलेली असेल तोवर काच शाबूत. भेग जरा हलली की काच तुटते, तुकडा खाली येतो. मग समजायचं, धोका.”

“किती हुशारी!”

“पण त्याला साधी, पातळ काच लागते. जाळीची लावणारा अडाणी. ती तडकली तरी तार तिला सोडत नाही. त्यात निम्मी कबुतराने रंगवलेली. खालून बघणाऱ्याला ती जन्मभर शाबूतच दिसणार.”

“बरोबर आहे,” माई म्हणाल्या. “फार उपकार झाले. तुमचा वेळ घेतला.”

पूलसाहेब गेल्यावर माई बंद दाराकडे बघत बसल्या. मास्तरांनी हळूच विचारलं, “काही हाती लागलं का?”

“एकाला शोधायला बसले होते,” माई म्हणाल्या, “दोघं सापडले.”

५

छपराच्या मॅडम वयाने लहान. या नोकरीला त्यांना फार दिवस झाले नव्हते. आधीच्या साहेबाने कारभार सोपवताना एकच सल्ला दिला होता, असं मास्तर सांगत होते: “वर बघू नका, मान दुखते.”

माईंनी त्यांना काही विचारलं नाही. काच पुढे सरकवली.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, हे काय आहे? मॅडमनी काच उचलली, खिडकीशी नेली, तिरपी करून उजेडात धरली. मधल्या काळ्या रेघेवर त्यांचं बोट थांबलं.

“ही... ही आधीच तुटली होती?”

“बस, पोरी,” माई म्हणाल्या. “आता सांग.”

मॅडम बसल्या नाहीत. उभ्यानेच बोलल्या, शाळेत धडा म्हणतात तसं, एका दमात. भेग त्यांना दिसली होती. कळवलं असतं तर सांधा त्यांच्या गळ्यात, सांध्यामागून अख्खा जिना, आणि जिना बंद करायचा अधिकार मात्र त्यांना नाही. माणसं नाहीत, सामान नाही. म्हणून त्यांनी गुपचूप गोदामातली काच कापून भेगेवर लावली. पुस्तकात वाचलं होतं, काच लावतात. कुठली काच ते पुस्तकात नव्हतं, किंवा त्यांनी वाचलं नव्हतं. तोवर कुणी खाली बसू नये म्हणून पाटी ठेवली. रोज येता-जाता वर बघायच्या. काच दिसायची. जिवात जीव यायचा.

“आणि मास्तरांनी विचारलं तेव्हा?”

“माझी आहे म्हटलं असतं तर का ठेवली ते सांगावं लागलं असतं. मी वर बघितलं. काच होती तशी होती. म्हटलं भेग झोपलीये, इतके दिवस झाले. पाटी पुसली आणि ठेवून आले जिथून आणली होती तिथे.” त्यांनी तोंडावर हात दाबला. “उद्या साहेब गेले की परत ठेवणार होते. एका दिवसाचा प्रश्न होता.”

“मुकादमिणीवर आळ आला तेव्हा बोलली का नाहीस?”

माईंनी वाट बघितली. बाहेर गाडी आली, थांबली, गेली.

“तू एकटीनेच वर बघितलंस,” माई शेवटी म्हणाल्या, “आणि माणूस तुझ्याच हातून गेला. जे खाली मान घालून गेले ते धुतल्या तांदळासारखे राहिले. मी आता तुझं नाव लिहिलं तर ते न्यायाचंच होईल. पण उद्यापासून या स्टेशनात कुणी चुकूनसुद्धा वर बघणार नाही.”

“लिहा,” मॅडम म्हणाल्या. “सांधा माझा म्हणून लिहा. त्या बाईला सोडा.”

६

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांच्या खोलीत सगळे जमले. मोठे साहेब, पूलसाहेब, मॅडम, मास्तर. मुकादमीण दाराशी उभी होती. तिला आत बसा म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. पोलीस बाहेर थांबले होते.

मॅडम उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं, काचेपासून पाटीपर्यंत.

पूलसाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. “यांनी मान्य केलंच आहे, तर सांधा यांचा, आणि जबाबदारीही. प्रश्न मिटला.”

“मिटला?” माई म्हणाल्या. “पूलसाहेब, काल तुम्ही मला सांगितलंत, काच निम्मी कबुतराने रंगवलेली. कुठे बघितलीत?”

“तुम्हीच तर दाखवलीत.”

“मी दाखवली ती या मुकादमबाईने धुतलेली. माझ्या साडीच्या काठापेक्षा स्वच्छ. कबुतराचा पराक्रम तिने बघितला आणि मी बघितला, बाकी कुणी नाही. पडल्यावर काच तिच्या कुलूपबंद पेटीत होती. मग तुम्ही ती बघितलीत पडायच्या आधी, जागेवर. जिन्याच्या वळणावर कठड्याशी उभं राहिलं की ती हाताच्या अंतरावर दिसते. मी काल जाऊन उभी राहिले. खोबणीशेजारी प्लॅस्टरचा ठसा अजून आहे.”

पूलसाहेबांचं मिशीवरचं बोट खाली आलं.

“तुम्हाला भेग दिसली,” माई सावकाश म्हणाल्या. “काच दिसली. ती चुकीची काच आहे हे या खोलीत फक्त तुम्हाला कळत होतं. हिला कळलं नाही, तिची चूक झाली. तुम्हाला कळलं, तुमची चूक झाली नाही, तुम्ही ठरवून गप्प बसलात. एक शब्द बोलला असतात तर सांधा तुमचा झाला असता.”

पूलसाहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि परत खिशाला लावलं.

मोठे साहेब घसा खाकरून म्हणाले, “हे गंभीर आहे. दोघांवर कारवाई होईल. मुकादमबाईंचा प्रश्न निकाली. सांध्याबद्दल समिती नेमू, सहा महिन्यांत अहवाल...”

“साहेब,” माई म्हणाल्या, “दोन नंबरवरसुद्धा असाच जिना आहे. असाच खांब, असाच सांधा, त्याच वर्षीचा. मी काल वर बघून आले. ही बैठक आपण तिथे घेऊ या. मास्तरांनी मघाशीच दोन नंबरच्या गाड्या वळवल्यात, माणसं हलवलीत.”

मोठ्या साहेबांना नाही म्हणायला कारण सुचलं नाही. सगळे दोन नंबरवर गेले. रिकाम्या फलाटावर, जिन्याच्या सांध्याच्या अगदी खाली, खुर्च्या गोल मांडल्या होत्या.

माई एका खुर्चीत बसल्या. साडी सारखी केली. “या ना. बसा.”

मॅडम आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

मास्तर टोपी फिरवत बाहेरच उभे राहिले. पूलसाहेब खुर्च्यांपासून लांब, रुळांच्या बाजूला. मोठे साहेब दोन पावलं आले, एकदा वर बघितलं आणि थांबले.

“बसा की साहेब. समिती कुणाकुणाची करायची ते बोलू. घाई नाही.”

“माई, तिथून उठा.”

“का बरं?”

“उठा म्हणतो ना!”

“रोज सकाळ-संध्याकाळ इथे माणसं बसतात. लेकुरवाळ्या बसतात, म्हातारी माणसं बसतात. मी बसले तर काय बिघडलं?”

वरून काहीतरी बारीक घरंगळलं. गंजाचा कण असेल नाहीतर कबुतराचं पीस. मोठे साहेब ओरडलेच, “अहो, ते वरचं पडेल! दिसत नाही का तुम्हाला? सांधा धोक्याचा आहे!”

पलीकडच्या फलाटावरची माणसं वळून बघायला लागली.

“ऐकलंत ना मास्तर?” माई म्हणाल्या. “साहेबांनी कळवलं. इथली रीत काय ती तुम्हीच सांगा त्यांना.”

मास्तरांच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, मग दुसरंच काहीतरी आलं. त्यांनी टोपी नीट डोक्यावर घातली. “जो कळवील, त्याचं. साहेब, हा सांधा आता तुमचा. आणि एक नंबरचा, चार नंबरचाही. सगळे एकाच वर्षीचे आहेत.”

मोठे साहेब कितीतरी वेळ वर बघत उभे राहिले. बहुधा नोकरीत पहिल्यांदाच. मग शेजारच्या माणसाला म्हणाले, “जिने बंद करा. चारही. आधाराला खांब मागवा. आजच. माझ्या नावाने.” आणि पूलसाहेबांकडे न बघता, “खांब लावताना हे हजर राहतील, पोलिसांकडे जबाब देऊन आल्यावर.”

माई उठल्या. मॅडम मात्र उठल्या नाहीत. सगळे पांगले, शिड्या आणायला माणसं धावली, तरी त्या त्याच खुर्चीत, वर बघत, जणू पडायचं ते आता त्यांच्यावरच पडू दे.

मुकादमीण लांबून बघत होती. हिच्या पाटीपायी आपण तुरुंगाच्या दारात उभ्या होतो, हे ती विसरली नव्हती आणि विसरणारही नव्हती. ती तरातरा आली आणि मॅडमच्या दंडाला धरून त्यांना उभं केलं.

“उठा ओ बाई,” ती म्हणाली. “खुर्च्या उचलायच्यात.”

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. मग वाकून एक खुर्ची उचलली, आणि दुसरी मुकादमिणीने.